नाताळातला विसावा

वाचकहो, भाषांतरकाराच्या मेजावर कोणता विषय केव्हा येऊन पडेल, याचा काही नेम नसतो. गेल्या वर्षी दिवाळी उलटून थोडेच दिवस झाले होते, तोच माझ्याकडे मराठी आवृत्तीसाठी एक इंग्रजी लेख आला. नाताळची सुट्टी कुटुंबासह खेड्यात शांतपणे कशी घालवावी, हा त्याचा विषय. लेखकाने मोठ्या हौसेने वर्णन केले होते : बाहेर बर्फ पडत आहे, आत भिंतीतल्या चुलीत ओंडके जळत आहेत, आजोबा आरामखुर्चीत पेंगत आहेत, आणि घरात कोणालाही काहीही करावयाचे नाही.

भिंतीतल्या चुलीला मराठीत काय म्हणावे, यात माझी एक दुपार गेली. ‘शेकोटी’ म्हणावे तर ती अंगणात असते आणि तिच्याभोवती शेजारीही येऊन बसतात. बर्फाचे तसे नाही; बर्फ न पाहताही आपल्याला तो ठाऊक असतो. लेखाच्या शेवटी एक वाक्य होते. वृद्धांच्या अंगावर कसलेही काम न टाकणे, हीच त्यांची खरी विश्रांती, अशा अर्थाचे. ते वाक्य मात्र मी एका दमात उतरवले. ते मला पटलेले होते. इतकेच नव्हे, तर माझ्या घरी दोन वर्षे मी त्याप्रमाणेच वागत होतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते करवीर तालुक्यातील एका खेड्यातले. स्वतःची जमीन थोडी. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख होती ती गुळव्या म्हणून. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, तेव्हा चुलवाणात जळण घालणारा जळव्या निराळा, रस गाळणारे निराळे, आणि या सर्वांवर गुळव्या. रसात चुना किती घालावा, मळी केव्हा काढावी, आणि मुख्य म्हणजे काहील आगीवरून केव्हा उतरावी, हे तो ठरवितो. काहिलीतला पाक सुमारे एकशे पंधरा ते एकशे अठरा अंशांवर आला म्हणजे गूळ तयार होतो. पण अण्णांनी उष्णतामापक कधी वापरला नाही. दाताळ्यावरून ओघळणारी धार पाहावयाची, थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत वळवावयाची, की झाले. लवकर उतरली तर गूळ पाझरतो. उशीर झाला तर करपतो. चार-दोन मिनिटांचाच काय तो खेळ. आणि त्या मिनिटांवर एका शेतकऱ्याची कितीतरी महिन्यांची मेहनत अवलंबून असते, कारण ऊस हे वर्षभर रानात उभे राहणारे पीक.

कोल्हापूरच्या गुळाची कीर्ती जुनी. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसविली, ती मुख्यतः गुळाच्या व्यापारावर वाढली. पण साखर कारखान्यांचे जाळे जसे पसरत गेले, तशी गुऱ्हाळे थंडावत गेली. आमच्या गावचे शेवटचे गुऱ्हाळ बंद पडले, पुढे आई गेली, आणि नोकरीनिमित्त म्हैसुरात राहणाऱ्या मी अण्णांना इकडे आणले. त्यांचे वय तेव्हा बहात्तर होते. “आता तुम्ही फक्त विश्रांती घ्यायची,” असे मी त्यांना बजावले. पिशवी घेऊन ते बाजाराला निघाले तर मी पिशवी काढून घेत असे. पत्नीने निवडायला घेतलेली भाजी त्यांनी पुढे ओढली तर ती “राहू द्या, अण्णा” असे म्हणे. आम्ही दोघेही हे प्रेमानेच करीत होतो. अण्णा सज्जात बसत, समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या बसगाड्या मोजीत, आणि रात्री दोन-तीनदा उठून किती वाजले ते विचारीत. त्यांचे बोलणे हळूहळू कमी झाले. कन्नड येत नाही म्हणून असेल, असे आम्ही समजत होतो.

आमच्या समोरच्या घरात एक शिक्षिका राहतात. ख्रिस्ती कुटुंब; मूळ घर श्रीरंगपट्टणच्या पलीकडे, मंड्य जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात. आमची नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याच शाळेत जाते, म्हणून तिच्याप्रमाणे आम्हीही त्यांना ‘टीचर’ म्हणतो. मी तो लेख भाषांतरित करीत असल्याचे पत्नीने त्यांना हसत हसत सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग आमच्या गावालाच चला. बर्फ नाही, पण थंडी आहे. आणि आमच्या दादाचे आलेमने सुरू आहे.”

कन्नडमध्ये ‘आले’ म्हणजे उसाचा चरक आणि ‘मने’ म्हणजे घर. मी अण्णांना सांगितले, “तिथे गुऱ्हाळ आहे.” अण्णांनी मान वर केली; पण काही बोलले नाहीत.

तेवीस डिसेंबरला आम्ही निघालो. भाषांतरित लेखाची मुद्रिते मी बरोबर घेतली होती. सुट्टीत काम बरोबर नेण्याची खोड संपादकाला असतेच. म्हैसुरातील संत फिलोमिना चर्चवर रोषणाई चढू लागली होती. या देवळाची कोनशिला १९३३ साली महाराजा कृष्णराज वडेयर (चौथे) यांनी बसविली. त्याचे पावणेदोनशे फूट उंचीचे जोडमनोरे शहरात दुरूनही दिसतात. राजा हिंदू, देऊळ ख्रिस्ती; म्हैसुरात याचे कोणाला नवल वाटत नाही.

बंगळूरला जाणारा नवा द्रुतगती मार्ग २०२३ साली खुला झाला. पण टीचरच्या दादांनी सांगितलेली वाट जुन्या रस्त्याची होती. श्रीरंगपट्टणला कावेरीचे दोन फाटे ओलांडले, आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना ऊस लागला. हा सारा मुलूख पूर्वी पावसावर आणि नाचणीवर जगणारा. विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्य अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ साली सुरू झाले. त्याच्या कालव्याचे पाणी मंड्यकडे आले, आणि १९३३ साली मंड्यला साखर कारखाना निघाला. साधारण त्याच काळात, धरणाचे काम सुरू होण्याच्या थोडे आधी, शाहू महाराजांनीही राधानगरीच्या धरणाला हात घातला होता. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन संस्थानांत पाण्याने सारखेच पीक उभे केले. हे मी पत्नीला सांगत होतो. तेवढ्यात मागच्या आसनावरून अण्णांचा आवाज आला :

“काहील उतरली कुठंतरी.”

मी गाडी हळू केली. काच खाली घेतल्यावर आम्हालाही तो वास आला. दोन वर्षांत अण्णा आपणहून बोललेले ते बहुधा पहिलेच वाक्य असावे.

घर कौलारू, मोठ्या पडवीचे. टीचरची आई, सारे गाव जिला अज्जी म्हणते, ती दारात उभी होती. “बन्नि, बन्नि,” म्हणून तिने आमचे स्वागत केले. मी वडिलांना ‘अण्णा’ अशी हाक मारताच ती चकित झाली. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ! इतका थोरला भाऊ कसा, असे तिने विचारले, आणि उलगडा होताच सगळे हसले. अण्णाही हसले. जेवताना तिने नाचणीच्या मुद्द्यावर ‘तुप्प’ वाढले, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि “तूप?” असे विचारले. हो, तूपच; तो शब्द आपल्या दोन्ही भाषांचा. भाषांतराचा व्यवसाय करूनही, असले शब्द जेवणाच्या पानावर भेटतात तेव्हा होणारा आनंद मला कोशात कधी मिळालेला नाही.

ओसरीच्या एका कोपऱ्यात नाताळचा देखावा मांडलेला होता. बाळ येशूच्या गोठ्याभोवती कोवळे हिरवे गवत होते. ते म्हणजे टोपलीत पेरलेली नाचणी. आपल्याकडे घटस्थापनेला धान्य रुजवितात त्याची आठवण होऊन पत्नीने हात जोडले. मुलीला गोठ्यातली मातीची गाय फार आवडली. खरी गाय दहा पावलांवर बांधलेली होती. पण ती शिंग उगारीत होती.

चोवीस तारखेला सकाळी आम्ही आलेमनेवर गेलो. लोखंडी पत्र्याचे छप्पर, विजेवर चालणारा चरक, वाळत घातलेल्या चिपाडाचे ढीग, आणि मध्ये उंच धुराड्याची विटांची भट्टी. काहील आमच्या कोल्हापुरी काहिलीपेक्षा उथळ. गूळ ढेपेत न ओतता लाकडी साच्यांत ओततात आणि त्याच्या लहान वड्या पाडतात. त्याला ‘अच्चु बेल्ल’ म्हणतात. पाक पाहणारा माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. आजच्या उसाला मोठी काहील लागली होती. टीचरच्या दादांनी त्याला सांगितले, की हे पाहुणे महाराष्ट्रातले नामांकित गुळव्ये आहेत. त्याने अण्णांना नमस्कार केला आणि हातातले दाताळे त्यांच्यापुढे धरले.

वाचकहो, त्या क्षणी मला वाटलेला अभिमान मी आपल्यापासून लपवीत नाही. अण्णांनी टोपी सारखी केली, धोतराचा सोगा खोचला, आणि काहिलीच्या वाफेत शिरले. वृद्ध माणूस दहा वर्षांनी तरुण झाला, असे वर्णन मी कितीतरी कथांत तपासून छापावयास दिले आहे. त्यातली अतिशयोक्ती मला नेहमी खटकत असे. त्या दिवशी खटकली नसती.

मळी निघाली, रस उसळला, तेलाचे थेंब पडताच बसला. पाक दाटू लागला. थोड्या वेळाने त्या पन्नाशीच्या माणसाने थेंब पाण्यात टाकून पाहिला आणि ‘उतरू या’ अशी खूण केली. अण्णांनी तीच गोळी बोटांत वळवून पाहिली आणि मान हलविली. “अजून न्हाई.” तो थांबला. पाहुण्याचा शब्द, त्यातून वडिलकीचा. भट्टीतली आग ओढून घेतली होती. एक मिनिट गेले, दोन गेली. अण्णांनी पुन्हा धार पाहिली आणि हात वर केला. काहील उतरली, पण ती उतरेपर्यंत पाकाचा रंग आमच्या डोळ्यांदेखत बदलला. साच्यांत पडलेला गूळ सोनेरी नव्हता. काळपट होता आणि त्याला करपल्याचा वास येत होता.

कोणी काही बोलले नाही. अण्णा साच्यांकडे पाहत उभे होते. बाजारात अशा गुळाला निम्मीही किंमत येत नाही, हे तिथे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल. मी गडबडून गेलो. नुकसान भरून देतो असे दादांना म्हणालो. ते “बिडि सर, बिडि,” म्हणजे जाऊ द्या, म्हणून हसले. तेव्हा गप्प राहिलो असतो तर बरे झाले असते. पण प्रसंग सावरण्याच्या घाईत मी, मला अवगत असलेल्या कन्नडमध्ये, हळूच म्हणालो, “अवरिगे वयस्सायितु.” म्हणजे, त्यांचे वय झाले.

मला वाटले होते, अण्णांना ते कळणार नाही. परंतु ‘तुप्प’ जसे कळले होते, तसेच ‘वयस्सु’ही कळले. दोन भाषांनी वाटून घेतलेला शब्द गोड वस्तूचाच असतो, असे थोडेच आहे! अण्णांनी माझ्याकडे पाहिले, दाताळे जागेवर ठेवले, आणि ते एकटेच घराकडे निघून गेले.

दुपारी अज्जीने तो काळा गूळ मागवून घेतला. नाताळला तिथे कज्जाय करतात. तांदळाचे पीठ गुळाच्या पाकात भिजवून तळलेले, आपल्या अनारशांचे सख्खे भावंड. “कज्जायाला असाच गूळ लागतो,” असे ती ठासून म्हणाली आणि सगळ्यांसमक्ष पाक करावयास बसली. हे खरे होते, की आदरातिथ्य होते, ते मी विचारले नाही. अण्णा पडवीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, हुबेहूब सज्जात बसत तसे.

रात्री गावच्या लहानशा देवळात नाताळची मिस्सा झाली. आपण बाहेरचे, म्हणून आम्ही मागे बसलो. अण्णाही आले होते. बाहेर पादत्राणांची रास, आत जमिनीवर बसलेली माणसे, ढोलकीच्या साथीने कन्नड गाणी. आपल्याकडील भजनापेक्षा काही फार निराळे वाटले नाही. परतताना कालव्याकाठच्या वाटेने मुलगी टीचरचा हात धरून पुढे गेली. अण्णा आणि मी मागे राहिलो. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे चांदण्यात पांढरे दिसत होते. थंडी चांगलीच होती. मी म्हणालो, “अण्णा, चुकलं माझं.”

ते थोडे चालले आणि म्हणाले, “वय झालं, ते मला ठावं हाय. पर ते मी सांगायचं. तू न्हाई.”

मी काहीच बोललो नाही. पुढे ते पुन्हा म्हणाले, “दोन वरसं झाली, सगळी मला बस म्हंत्यात. बसून बसून हाताचा अंदाज ग्येला. हात बसला, की मानूस बसतंय.”

नाताळच्या दिवशी आलेमने बंद होते. सकाळपासून घरात येणाऱ्यांची रीघ. अज्जीने कज्जायाची ताटे गावातल्या सर्व जातिधर्मांच्या घरी धाडली, आणि दिवाळीला तिकडून येणाऱ्या फराळाची परतफेड केली. आमची मुलगी प्रत्येक ताटाबरोबर जाऊन आली. पत्नी स्वयंपाकघरात कन्नड शिकत होती. म्हणजे मसाल्यांची नावे विचारीत होती. मी पडवीत मुद्रिते उघडून बसलो. लेखातले अखेरचे वाक्य माझ्यासमोर होते : वृद्धांच्या अंगावर कसलेही काम न टाकणे, हीच त्यांची खरी विश्रांती. त्यात मुद्रणदोष एकही नव्हता. मी मुद्रिते मिटून ठेवली.

सव्वीस तारखेला पहाटे मला जाग आली तेव्हा अण्णांचे अंथरूण रिकामे होते. मी धावतच आलेमने गाठले. भट्टीच्या तोंडाशी, जळव्याच्या जागी, अण्णा उकिडवे बसले होते आणि मूठ मूठ चिपाड आत सारीत होते. गुऱ्हाळात ही सर्वांत खालची जागा. ज्यांनी चाळीस वर्षे काहिलीवर हुकूम चालविला, ते खाली बसून जळण घालीत होते, आणि वर दाताळे घेऊन उभा असलेला तो माणूस त्यांना बोटांनी खुणा करीत होता : आता भर, आता पुरे.

“अण्णा, हे काय?” माझ्या तोंडावर नेहमीचे ‘राहू द्या’ आले होते, ते मी गिळले.

त्यांनी मला जवळ बोलाविले आणि भट्टीकडे बोट दाखविले. “परवा माझं काय चुकलं, ते आत्ता कळलं. आपलं चुलवाण मातीचं. जळान थांबलं, की ताव उतरतो. ही विटाची भट्टी, वर धुराडं. आग वडली तरी ताव ऱ्हातोच. म्हणून हितं गोळी कच्ची असतानाच उतराय पायजे. आमची गोळी हितं चालायची न्हाई.” मग ते वरच्या माणसाकडे पाहून म्हणाले, “त्येचं बरोबर हुतं.”

माझ्या डोक्यात दोन दिवस एकच कारण घोळत होते : वय. अण्णांनी मात्र आगीपाशी बसून खरे कारण शोधून काढले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, वाफेत नीट दिसत नाही, हेही खरेच. ते त्यांनी स्वतःहून सांगितले. परंतु वयाची सबब पुढे करून त्यांनी चूक झाकली नाही. एवढा मोठा कारागीर असूनही, दुसऱ्याच्या भट्टीचा स्वभाव समजून घेण्यासाठी त्यांनी जळव्याची जागा पत्करली.

काहील उतरण्याची वेळ आली. त्या माणसाने थेंब पाण्यात टाकला, गोळी वळली, आणि या वेळी ती खाली अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती बोटांत दाबून पाहिली. मऊ होती. त्यांची भुवई किंचित वर गेली. जुन्या सवयीने ‘अजून न्हाई’ म्हणावेसे वाटले असणार. पण त्यांनी गोळी परत दिली आणि मान डोलाविली. काहील उतरली. साच्यांत पडलेला गूळ पिकल्या लिंबाच्या रंगाचा होता. दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही. बोलावयाचे म्हटले असते तरी एकाला मराठी येत नव्हते आणि दुसऱ्याला कन्नड. तासाभराने दोघे ताज्या गुळाचा चहा पीत एकाच ओंडक्यावर बसलेले मी पाहिले.

नंतर एकदा अण्णांनी भट्टीवरून वरच्या माणसाला काही खूण केली आणि दोघेही हसले. मी विचारले, काय झाले? ते म्हणाले, “रस साफ करायला ह्यो कसलीतरी पांढरी पूड टाकाय बघत हुता. म्या भेंडीचं झाड दाखीवलं.” गुळाचा रंग फिका यावा म्हणून रसायने घालण्याची पद्धत हल्ली अनेक ठिकाणी पडली आहे, कारण गिऱ्हाइकाला पांढराशुभ्र गूळ आवडतो. ठेचलेल्या भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते, हे जुने ज्ञान. त्या माणसाने परसातली भेंडी ठेचून पाहिली. पुढे तो तसेच करील की नाही, हे मी सांगू शकत नाही. बाजारभाव त्याला सांभाळावयाचा आहे. पण त्या दिवशीचा एक साचा त्याने बाजूला काढून अण्णांना दिला.

सत्तावीस तारखेला आम्ही परतलो. निघताना अज्जीने विचारले, “ऊट आयिता?” जेवण झाले का, हा तिकडे निरोपाचाही प्रश्न असतो. अण्णांनी न अडखळता “आयितु” असे उत्तर दिले. हा त्यांचा पहिला कन्नड शब्द, आणि कोणते क्रियापद ते माझ्या चांगलेच लक्षात होते. ‘वयस्सायितु’मधले तेच.

म्हैसुरात आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे बाजाराची पिशवी दाराच्या खुंटीला, अण्णांच्या हाताला येईल अशी लावली. ते रोज सकाळी देवराज मार्केटला जातात, फूलवाल्यांशी आणि केळीवाल्यांशी अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये घासाघीस करतात, आणि कधी कधी ठकतातही. ठकल्याचे ते स्वतःच सांगतात. आम्ही मुळीच टीका करीत नाही. संक्रांतीच्या आधी टीचरच्या दादांचा निरोप आला, तेव्हा ते एकटे बसने जाऊन पंधरा दिवस गावी राहून आले. येताना त्यांनी गूळ आणला. त्या गुळात आम्ही तीळ घातले आणि शेजारी वाटले. शेजाऱ्यांनी आम्हाला ‘एळ्ळु बेल्ल’ दिले, म्हणजे तीळ आणि गूळच. रात्री उठून ते अजूनही वेळ विचारतात. पण आता एकदाच, पहाटे, बाजार उघडण्याच्या सुमारास.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या लेखाची मुद्रिते. मूळ लेखकाचे म्हणणे बदलण्याचा अधिकार भाषांतरकाराला नसतो. वाक्य मी जसेच्या तसे राहू दिले. फक्त शीर्षकात ‘विश्रांती’ घातली होती, तिच्या जागी ‘विसावा’ केला. कोशात दोन्ही शब्द शेजारी सापडतील. आपल्या बोलण्यात मात्र ते एक नाहीत. काम संपले म्हणजे विश्रांती. विसावा वाटेत असतो. पंढरीच्या वाटेवर पालखी खाली टेकवितात त्या जागेला आपण विसावा म्हणतो. तिथे पाणी प्यावयाचे, घाम पुसावयाचा, आणि पुन्हा खांदा द्यावयाचा. मी अण्णांना दोन वर्षे विश्रांती दिली. त्यांना हवा होता विसावा.

वाचकहो, येत्या नाताळात किंवा मे महिन्यात आपण सुट्टीचा बेत आखाल, तेव्हा थंड हवेची ठिकाणे अवश्य पाहा. पण घरात एखादे वडीलधारे माणूस सज्जात बसून गाड्या मोजीत असेल, तर जाण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारा, की त्यांच्या हाताला कसली सवय आहे. मग ती जिथे चालते अशा एखाद्या खेड्याची वाट धरा. तिथे त्यांच्या हातून काहील करपली, तर करपू द्या. कज्जायाला तसाच गूळ लागतो.